नवस कोणाचा, आयुष्य कोणाचे? राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि देवदासीचा प्रश्न

राजन गवस हे मराठीतले कादंबरीकार, कवी, प्राध्यापक आणि देवदासी मुक्तीच्या चळवळीत तरुणपणीच उतरलेले कार्यकर्ते. त्यांचा जन्म १९५९चा, कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज भागातला. त्यांनी गारगोटीच्या महाविद्यालयात मराठी शिकवले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागात प्राध्यापक म्हणून काम केले. ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या पहिल्या दोन कादंबऱ्यांनी त्यांचे नाव झाले. ‘तणकट’ या कादंबरीला २००१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यातल्या पहिल्या दोन कादंबऱ्या एका धार्मिक प्रश्नावर उभ्या आहेत. एकाने बोललेला नवस दुसऱ्याच्या आयुष्याने फेडता येतो का, हा तो प्रश्न. देवाला मुलगी किंवा मुलगा ‘सोडणे’ ही रीत ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच मुलखात गवस वाढले. त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकातून आला नाही, शेजारपाजारच्या घरांतून आला.

हा मुलूख यल्लम्माचा. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीजवळच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्माचे देऊळ आहे. बेळगाव शहराला पश्चिमेकडून खेटून असलेले हिंडलगा, उत्तरेला हमरस्त्यावरची निपाणी, शेजारचे संकेश्वर आणि सीमेपलीकडचे गडहिंग्लज ही गावे राज्याच्या नकाशावर वेगळी पडली, तरी यल्लम्माच्या नकाशावर एकच आहेत. पूर्वी बैलगाड्या जुंपून आणि आता एसटीने, टेंपोने इथली माणसे डोंगरावर जातात. यल्लम्माचे भक्त मराठी बोलतात, कानडीही बोलतात. उदोकार एकच असतो. पौर्णिमेच्या जत्रांना लाखोंची गर्दी होते. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवी विधवा होते असे मानतात, म्हणून जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या देवदासी, त्या दिवशी बांगड्या फोडतात. पुढे अहेव पुनवेला त्या पुन्हा बांगड्या भरतात. जमदग्नीचा वध झाला तेव्हा रेणुका विधवा झाली, ही कथा अशी दरवर्षी माणसांच्या हातांवर घडते.

देवीची मूळ कथाही आज्ञेची आणि आज्ञापालनाची आहे. रेणुकेच्या मनात क्षणभर चलबिचल झाली म्हणून जमदग्नी ऋषी रागावले आणि तिचे शिर उडवायला त्यांनी मुलांना सांगितले. थोरल्या मुलांनी नकार दिला. परशुरामाने आज्ञा पाळली आणि नंतर वर मागून आईला जिवंत करून घेतले. ज्या देवीला स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेपायी शिर गमवावे लागले, तिच्याच नावाने दुसऱ्यांच्या इच्छेसाठी मुली दिल्या जाव्यात, ही विसंगती या परंपरेच्या मुळाशीच आहे.

मुलगी सोडण्याची कारणे ठरलेली असत. घरात मुलगा होत नाही, मूल जगत नाही, कुणाचा आजार हटत नाही, गुरे मरतात, म्हणून आई-बाप नवस बोलत. कधी मुलीच्या केसांत गुंता होऊन जट धरे. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत की तेल, घाम आणि धूळ साचून ते एकमेकांत अडकतात. पण जट दिसली की ती देवीने पाठवलेली खूण ठरे. तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, उलट हळद लावून ती जपायची. मग दरवर्षी ती वाढे आणि खूण आणखी पक्की होत जाई. कापली तर घरावर कोप होईल या भीतीने कुणी हात लावत नसे.

विधी साधा आणि थोड्या वेळाचा. डोंगराच्या पायथ्याशी जोगुळभावीच्या पाण्यात मुलीला आंघोळ घालतात. अंगाला लिंबाचा पाला बांधतात, कपाळभर भंडारा लावतात. वयस्क जोगतिणी तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधतात. या माळेला ‘दर्शन’ म्हणतात. हातात परडी येते. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायचा, उपास पाळायचा, डोक्यावर ‘जग’, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेऊन गावोगाव फिरायचे, असे नेम तिला सांगितले जातात. दर्शन बांधले की तिचे लग्न देवीशी, म्हणजे पर्यायाने देवाघरी झाले. कुण्या पुरुषाशी तिचे लग्न आता होऊ शकत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीला यातले काय कळत असेल, हे विचारायची पद्धत नव्हती.

पुढे वयात आल्यावर तिचा ‘झुलवा’ लागे. गावातला एखादा पुरुष तिला ठेवून घेई. त्या नात्याला लग्नाचा हक्क नसे, पुरुषावर जबाबदारी नसे, मुलांना बापाचे नाव नसे. तो पुरुष निघून गेला तर दुसरा येई, किंवा मुंबई-पुण्याच्या वस्त्यांकडे जाणारी वाट उघडी होई. घरच्यांच्या दृष्टीने मात्र या मुलीचा उपयोग होता. तिला हुंडा द्यावा लागत नसे, मुलासारखा वारसा तिच्याकडे राहू शके आणि म्हातारपणी आई-बापांना तीच सांभाळी. धर्म आणि दारिद्र्य इथे एकाच दोरीला दोन बाजूंनी पीळ देत होते.

तरीही या रीतीला नुसती लूट म्हणून भागत नाही. गळ्यात दर्शन असलेल्या बाईला एक पवित्र दर्जा मिळे. तिला वैधव्य येत नाही, म्हणून शुभकार्यात तिला बोलावत. ज्या वरच्या आळीतल्या वाड्यात तिच्या भावाला पायरी चढता येत नव्हती, त्याच्या दाराशी तिची परडी आली की सासुरवाशिणी तिला हळद-कुंकू लावून नमस्कार करत. हा मान खरा होता, पण तो परडीला होता. परडी खाली ठेवली की ती पुन्हा मांग-महार वस्तीतली बाई होती. गवस यांच्या लेखनाचे बळ या दुहेरीपणात आहे. त्यांनी देवीची थट्टा केली नाही आणि देवीच्या नावाने चालणारा व्यवहार झाकलाही नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासींच्या प्रश्नावर संघटित काम सुरू झाले. महात्मा फुले समता प्रतिष्ठान, बाबा आढाव यांच्यासारखे पुढारी, गडहिंग्लजचे प्रा. विठ्ठल बन्ने आणि इतर स्थानिक कार्यकर्ते यांनी परिषदा भरवल्या, जटा काढल्या, लग्ने लावून दिली, पेन्शनची मागणी केली. निपाणीत याच सुमारास तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची संघटना उभी राहत होती आणि त्या कामगारांत देवदासीही होत्या. गवस या चळवळीत आले ते विद्यार्थिदशेतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण म्हणून. वस्त्यांत जाणे, बायकांशी बोलणे, त्यांच्या भाषेत त्यांची हकीकत ऐकणे हे त्यांचे कार्यकर्तेपण आणि तेच त्यांच्या कादंबरीचे साहित्यही.

‘चौंडकं’ ही एका सोडलेल्या मुलीची कहाणी आहे. चौंडकं हे जोगतिणींच्या मेळ्यातले वाद्य. पोकळ लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला कातडे, त्यातून ओवलेली तार, एका हाताने ती ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. कादंबरीत ते मुलीच्या गळ्यात पडलेल्या आयुष्याचे वाद्य होते. लेखक तिला बिचारी करत नाही. ती रागावते, हट्ट करते, देवीवर विश्वास ठेवते आणि देवीला जाबही विचारते. कादंबरीची भाषा सीमाभागातली, कानडीचा हेल असलेली. त्यामुळे शहरी वाचकाला अडखळायला होते, पण त्या वस्तीतली माणसे दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलली असती तर ती खोटी वाटली असती.

‘भंडारभोग’मध्ये हाच फास पुरुषाभोवती पडतो. देवीचा कौल लागला असे ठरते आणि धडधाकट तरुणाला लुगडे नेसून, परडी हाती घेऊन जोगत्या व्हावे लागते. यल्लम्माच्या परंपरेत असे जोगते पुष्कळ आहेत. त्यांतले काही जण मनाच्या ओढीने तिथे येतात आणि गावाने नाकारलेल्या त्यांच्या स्वभावाला देवीच्या पदराखाली जागा मिळते. त्यांच्यासाठी हा मार्ग सुटकेचाही असतो. गवस यांच्या नायकाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मनात तसे काही नसताना त्याचे शरीर, कपडे, चालणे, सगळेच गाव ठरवून टाकते. दोन जोगत्यांची वेशभूषा सारखी असेल, पण एकाने स्वतः स्वीकारलेली वाट आणि दुसऱ्यावर लादलेली वाट यांत नीतीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. देवदासीच्या सगळ्या वादाचा कणा हाच फरक आहे.

हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा येते. निपुत्रिक हरिश्चंद्र राजा वरुणाकडे मुलगा मागतो आणि झालेला मुलगा त्यालाच बळी देण्याचे वचन देतो. रोहित जन्मतो. वरुण मागणी करतो आणि राजा दर वेळी मुदत वाढवून घेतो. शेवटी रोहित मोठा होतो, त्याला हे सांगितले जाते, तेव्हा तो धनुष्य घेऊन रानात निघून जातो. पुढे अजीगर्त नावाच्या उपाशी ब्राह्मणाकडून तो शंभर गाई देऊन त्याचा मधला मुलगा शुनःशेप विकत घेतो. थोरला बापाला हवा, धाकटा आईला हवा, म्हणून मधला विकला जातो. यज्ञस्तंभाला त्याला बांधायला कुणी तयार होत नाही, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापच त्याला बांधतो. मारण्यासाठीही आणखी शंभर गाई घेऊन तोच पुढे येतो. शुनःशेप देवांची स्तुती करतो, त्याचे पाश गळून पडतात आणि तो पुन्हा बापाकडे जायला नकार देतो.

या कथेत सीमाभागातल्या प्रश्नाची सगळी अंगे आहेत. नवस बोलणारा एक, फेडणारा दुसरा. ज्याच्यावर नवसाची पाळी आली त्याने स्वतः नकार दिला. पण तो राजपुत्र होता, म्हणून त्याच्या जागी गरिबाच्या घरातले मूल शोधले गेले. आणि देव शेवटी बांधणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत, बांधलेल्याच्या बाजूने राहिले. बायबलमध्ये इफ्ताह नावाचा सेनापती असाच विजयासाठी नवस बोलतो आणि घरातून पहिल्यांदा सामोरी येणारी त्याची एकुलती एक मुलगी त्या नवसाला बळी पडते. तिथे मात्र पाश सोडवायला कुणी येत नाही. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, ही कांटची अठराव्या शतकातली शिकवण या दोन्ही कथा आधीच आपापल्या परीने सांगत होत्या.

श्रद्धाळू मंडळींचा आक्षेप असा की मुलगी आई-बाप सोडत नाहीत, देवीच तिला बोलावते. जट, आजार, अंगात येणे या देवीच्या खुणा आहेत आणि माणसाला त्या नाकारता येत नाहीत. या आक्षेपाला उत्तर खुणांच्या खरेखोटेपणात शोधण्याची गरज नाही. खूण कोण वाचतो, हे पाहिले की पुरे. जट मुलीच्या डोक्यावर येते, पण तिचा अर्थ पुजारी, जाणती जोगतीण, आजी आणि गाव लावतात. जिच्याबद्दल निर्णय होतो ती सोडून बाकी सगळ्यांना त्यात बोलायचा अधिकार असतो. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. यल्लम्माचे भक्त सर्व जातींत आहेत. डोंगरावर लिंगायत जातात, मराठे जातात, ब्राह्मणांच्या कुळातही रेणुका आहे. पण मुली सोडल्या गेल्या त्या मुख्यतः दलित घरांतल्या. देवीचे बोलावणे नेमके एकाच वस्तीत येत असेल, तर ते बोलावणे देवीचे नसून समाजरचनेचे आहे, असाच निष्कर्ष निघतो.

मराठी संतांनी या प्रश्नाला बगल दिलेली नाही. एकनाथांनी भारुडात जोगवा आणला तो आत्मज्ञानाची भिक्षा मागण्यासाठी. त्यात देवीला द्यायचे असते ते स्वतःचे विकार, लेकरू नव्हे. तुकोबांनी नवसाने संतती मिळते या समजुतीवर उघड टीका केली. भक्तीत समर्पण असते, पण ते स्वतःचे. जे आपले नाही ते देवाला देता येत नाही, हा व्यवहारातला नियम भक्तीलाही लागू आहे. मूल आई-बापाचे असते ते सांभाळण्यापुरते, दान करण्यापुरते नाही.

कायद्याने ही भूमिका टप्प्याटप्प्याने घेतली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० साली जोगतिणी-देवदासींविषयी कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. म्हणजे कायदा असूनही सौंदत्तीच्या डोंगरावर पुढची पन्नास वर्षे दर्शन बांधले जात राहिले. कर्नाटकाने १९८२चा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा केला आणि महाराष्ट्राने २००५चा. कर्नाटकाच्या १९८२च्या कायद्यातली एक तरतूद विचार करण्यासारखी होती. समर्पणात भाग घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पण तो आई, बाप, पालक किंवा नातेवाईक असेल तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे. मुलीचे रक्षण ज्यांचे काम, त्यांचा अपराध अधिक मोठा, असे तो कायदा मानत होता. पण दारिद्र्याने पिचलेल्या आई-बापांना तुरुंगात पाठवल्याने मुलीच्या पुढच्या भाकरीचा प्रश्न सुटत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून शिक्षेइतकेच पुनर्वसन महत्त्वाचे ठरले.

राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. २३व्या कलमाने माणसांच्या व्यापाराला मनाई केली आहे. १९९०च्या विशाल जीत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देवदासी आणि जोगीण प्रथांच्या निर्मूलनासाठी सरकारांनी पावले उचलावीत असे सांगितले. या साऱ्यामागचे तत्त्व सोपे आहे. धर्मस्वातंत्र्य हा व्यक्तीचा स्वतःसाठीचा हक्क आहे. दुसऱ्याच्या आयुष्यावर तो चालत नाही, मग ते आयुष्य पोटच्या मुलीचे का असेना.

बाहेरून येऊन प्रथा मोडणाऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. माळ तोडली, जट कापली, पण त्या बाईचा गावातला मान आणि जगण्याचा आधार दोन्ही गेले, त्याचे काय? हा आक्षेप गंभीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या आणि देवदासी यांच्यापुढे भाषण केले, तेव्हा तो जीवनमार्ग सोडण्याचे कठोर आवाहन त्यांनी केले होते. त्यांच्या दृष्टीने परडीपुढे वाकणारा मान हा खरा मान नव्हता. तो स्वाभिमानाच्या बदल्यात मिळालेला होता. गवस यांच्या कादंबऱ्या याच सत्याकडे वेगळ्या बाजूने जातात. बाईच्या मनात देवीवरचे प्रेम आणि देवीच्या नावाने झालेला अन्याय एकत्र राहतात आणि एक काढताना दुसरे फाटते, हे त्या दाखवतात. भाषण निर्णय मागते. कादंबरी त्या निर्णयाची किंमत समजावून देते. चळवळीला दोन्हींची गरज होती.

पुढच्या काळात या प्रश्नावर देवदासी स्वतः पुढे आल्या. बेळगाव जिल्ह्यात १९९०च्या दशकात माजी देवदासींनी ‘महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे’ ही संघटना उभी केली आणि १९९७मध्ये ती नोंदवली. बचतगट, घरे, मुलांचे शिक्षण आणि नवे समर्पण थांबवणे ही तिची कामे. लहानपणी स्वतः सोडल्या गेलेल्या, चिकोडी तालुक्यातल्या सीतव्वा जोडट्टी या तिच्या प्रमुख झाल्या आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्या वतीने आजवर दुसऱ्यांनी निर्णय घेतले, त्यांनी स्वतःच्या वतीने बोलायला सुरुवात केली, हा या प्रश्नाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल आहे.

गवस यांचे लेखन मात्र देवदासीपुरते थांबले नाही. ‘कळप’, ‘धिंगाणा’, ‘तणकट’, ‘ब-बळीचा’ या कादंबऱ्यांत ग्रामीण तरुणांची कोंडी, गावातली जातीय तेढ, संस्थांचे राजकारण आणि शेतकऱ्याची परवड आली. कथा, कविता आणि ललित लेखही त्यांनी लिहिले, भाऊ पाध्ये यांच्या साहित्यावर संशोधन केले. ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांच्या आधारे राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ हा चित्रपट केला. त्याला सामाजिक प्रश्नावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नायकाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. पुस्तकाने न पोहोचलेल्या घरांत हा प्रश्न पडद्याने नेला.

गवस यांच्या या दोन कादंबऱ्यांतून निघणारा निवाडा कोणत्याही श्रद्धेच्या विरोधात नाही. भक्ताला नवस बोलायचा असेल तर त्याने स्वतःचे काही द्यावे: स्वतःचा उपास, स्वतःचे दंडवत, स्वतःच्या घामाचे पैसे. नवस हे बोलणाऱ्याचे कर्ज आहे. ते दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही. सौंदत्तीच्या जत्रेला जाण्यात, उदोकार करण्यात, भंडारा उधळण्यात कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही. ज्या क्षणी परडी न कळत्या मुलीच्या हातात दिली जाते, त्या क्षणी ती भक्ती राहत नाही आणि त्यानंतर त्या कृत्याला धर्माचे संरक्षण मागण्याचा अधिकारही राहत नाही.